कार्डात जागा असूनही व्हिडिओ मधेच बंद पडतोय

फिरस्ता: मंडळी, जुना मिररलेस कॅमेरा आहे, कार्ड ६४ जीबी, फोटो मस्त निघतात पण ४के व्हिडिओ लावला की थोड्या वेळात आपोआप थांबतो आणि स्क्रीनवर कार्ड स्लो असल्याचा मेसेज. कार्ड तर अर्धं रिकामंय! बहिणीच्या साखरपुड्यात नेमकं अंगठी घालतानाच बंद पडला, आता लग्नाआधी काय करू?

काळी_फ्रेम: प्रश्न जागेचा नाहीये, स्पीडचा आहे. कार्डावर मोठ्ठा आकडा छापतात ना तो बहुतेक वेळा वाचायचा स्पीड असतो, लिहायचा नाही. बारीक खुणा बघ. व्ही३० किंवा यू च्या आत ३ असेल तर सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणार, नुसतं क्लास १० (सी च्या आत १०) म्हणजे १० चीच गॅरंटी. तुझं ४के १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं असेल तर ८ ने भाग (८ बिटांचा एक बाइट), सेकंदाला साडेबारा एमबी झाले, कसं पुरणार?

फिरस्ता: सी च्या आत १० आहे, बाकी काहीच नाही 😅

उंडगा_कॅमेरावाला: मग व्ही३० घेच. ऑनलाइन फार स्वस्त दिसलं तर सांभाळून, डुप्लिकेट भरपूर फिरतात, आल्या आल्या एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण कार्ड भरून बघ. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर, आधी डेटा काढून. हां, ३२ जीबीवाल्यात फॅट३२ नावाची फाइल साठवायची जुनी पद्धत असते, त्यात ४ जीबीला फाइल तुटते, तो बिघाड नव्हे. तोवर फुल एचडीवर उडव बार, नातेवाईक बघणार व्हॉट्सॲपवरच.