मदत हवी आहे: मामांच्या अपघाताचे बिल, दवाखान्याकडे राहिलेला कोरा धनादेश आणि सावकाराचे साठेखत

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील असून हा प्रश्न माझ्या मामांसाठी विचारत आहे. मामांची तीन एकर केळी आहे. दीड महिन्यापूर्वी शेतातून परतताना त्यांचा ट्रॅक्टर उलटला. मांडीचे हाड मोडले, उजव्या हाताला दोन ठिकाणी फ्रॅक्चर झाले आणि डोक्यालाही मार लागला. चोपड्यात प्रथमोपचार करून आम्ही त्यांना रात्रीच जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नेले. पन्नास हजार रुपये अनामत भरल्याशिवाय आयसीयूत घेता येणार नाही असे तेथे सांगण्यात आले आणि पैसे गोळा होईपर्यंत मामा पाऊण तास स्ट्रेचरवर पडून होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

अकरा दिवसांचे बिल ३,८४,००० रुपये झाले. अनामत धरून आम्ही २,९४,००० भरले. त्यांपैकी दीड लाख शेजारच्या गावातील एका गृहस्थांकडून महिना शेकडा तीन दराने घेतले आणि त्यासाठी मामांच्या एका एकराचे साठेखत (पुढे जमीन विकण्याचा करार) नोंदवून दिले. ताबा अजून मामांकडेच आहे. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी घरी जाण्याची परवानगी दिली होती, परंतु उरलेले नव्वद हजार भरल्याशिवाय सोडणार नाही असे बिलिंगच्या खिडकीवर सांगितले गेले आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मामांना खोलीतच थांबावे लागले. शेवटी मामेभावाने सही केलेला कोरा धनादेश दिला, ‘रक्कम देणे मान्य आहे’ असा मजकूर असलेल्या शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही केली, तेव्हा आम्हाला बाहेर पडता आले.

आम्हाला पैसे बुडवायचे नाहीत. डॉक्टरांनी मामांना वाचवले, हे घरात कोणीही विसरलेले नाही. मामा तर म्हणतात, ‘पैसा गया, पन जीव ते वाचना.’ मात्र जे देणे आहे ते नेमके कशाचे आहे हे आम्हाला कळले पाहिजे. हाती दिलेल्या एका पानावर खोली, शस्त्रक्रिया, औषधे आणि ‘इतर’ एवढेच चार मथळे असून त्यातील ‘इतर’ची रक्कम ६१,००० रुपये आहे. पायात बसवलेली प्लेट कोणत्या कंपनीची आणि किती रुपयांची, याचा उल्लेख कोठेही नाही. सगळी औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घ्यावी लागली.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली आहे. मामांकडे केशरी शिधापत्रिका आहे आणि दवाखान्याच्या दर्शनी भागात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक आहे, तो आम्हाला चौथ्या दिवशी दिसला. चौकशी केली तेव्हा, दाखल करतानाच तुम्ही ‘योजनेचा लाभ नको’ असे लिहून दिले आहे, हे उत्तर मिळाले. त्या रात्री मामेभावाने सात-आठ कागदांवर सह्या केल्या होत्या; त्यातला एकही त्याला वाचून दाखवला गेला नव्हता.

तपशीलवार बिल मागण्याचा हक्क आम्हाला कोणत्या नियमाने आहे, तक्रार कोणाकडे करावी, तो धनादेश बँकेत टाकला गेला तर मामेभावावर गुन्हा दाखल होईल का, आणि एकरभर जमीन वाचवण्यासाठी आताच काही करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. केळी कापणीला येण्यास अजून चार महिने आहेत आणि तोपर्यंत विक्रीचे पैसे हातात पडणार नाहीत.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, मी धुळ्यात वकिली करतो आणि अशी प्रकरणे पाहिली आहेत. मामा वाचले हे फार चांगले झाले. आता ज्या गोष्टीला मुदत आहे तिच्यापासून, म्हणजे धनादेशापासून सुरुवात करतो.

सही केलेला धनादेश कोरा दिला असला, तरी तो कायदेशीर देण्यापोटीच दिला असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते. धनादेश वटला नाही तर दवाखान्याला बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तरच धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली तक्रार करता येते. त्यामुळे नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका आणि तिचे लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्या. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे नोटिशीची वाट न पाहता याच आठवड्यात दवाखान्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. धनादेशाचा क्रमांक, तो कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, रुग्णाला दीड दिवस कसे थांबवून ठेवले होते आणि बिलाचा तपशील मिळताच योग्य रक्कम भरण्याची तुमची तयारी आहे, हे सर्व त्यात लिहा. पुढे वाद न्यायालयात गेला तर हेच पत्र तुमच्या बाजूने बोलेल. केवळ बँकेत ‘पेमेंट थांबवा’ असा अर्ज देऊन निश्चिंत होऊ नका.

थकबाकीसाठी रुग्णाला अडकवून ठेवणे बेकायदेशीर आहे. थकलेले पैसे वसूल करण्यासाठी दवाखान्याला दिवाणी दावा करता येतो, माणूस तारण ठेवता येत नाही; मुंबई उच्च न्यायालयानेही अशा प्रकाराला बेकायदेशीर म्हटले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तो बेकायदा बंदिवासाचा गुन्हा ठरू शकतो. त्याच दिवशी ११२ वर फोन केला असता तर बरे झाले असते, पण त्या वेळी कोणाचे डोके जागेवर असते? अशा दबावाखाली सही केलेला स्टॅम्पपेपरही भारतीय करार कायद्याप्रमाणे रद्द करून मागता येतो.

आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागू आहे. त्याखालील नियमांत २०२१ साली सुधारणा होऊन रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. तपशीलवार बिल हा त्या सनदेतला हक्क आहे, आणि ठरावीक मेडिकलमधूनच औषधे घ्या अशी सक्तीही करता येत नाही. दवाखाना जळगाव शहरात असल्याने लेखी तक्रार महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, प्लेटचे स्टिकर हे सगळे स्वतंत्र अर्जाने मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खासगी दवाखान्याचे सर्वसाधारण दर सरकारने ठरवलेले नाहीत, म्हणून ‘बिल फार झाले’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. फलकावरील दरापेक्षा जास्त घेतले, न केलेल्या गोष्टीचे घेतले किंवा हिशेब दिला नाही, हे दाखवता आले पाहिजे. तुमच्या प्रकरणात ‘इतर’चे ६१,००० हा खरा दुवा आहे.

योजनेच्या बाबतीत १५५३८८ या क्रमांकावर आणि जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार नोंदवा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पात्र रुग्णाकडून रोख रक्कम घेण्याची अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयाला मुभा नाही आणि न वाचून दाखवलेल्या नकारपत्राची चौकशी व्हायलाच हवी. २०१२ साली ही योजना, तेव्हा राजीव गांधींच्या नावाने, पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपले धुळे होते; इतक्या वर्षांनंतरही जखमी माणसाच्या नातेवाइकांना आरोग्यमित्र (योजनेसाठी मदत करणारा रुग्णालयातील माणूस) कोठे बसतो हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. दवाखाना धर्मादाय न्यासाचा आहे का हेही पाहा. तसा असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे त्याला बंधनकारक असते. ती तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

यातून काही निष्पन्न झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षांची आहे, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही.

सावकाराचे म्हणाल, तर शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के झाले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाचा दर वर्षाला नऊ टक्के ठरवलेला आहे आणि तोही परवाना असेल तरच. परवाना आहे का याची माहिती तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात मिळेल. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. जमिनीचा दस्त सावकारीतून झाला असे चौकशीत आढळले, तर तो रद्द ठरवण्याचा अधिकार त्यांना आहे. अडचण एवढीच आहे की एकाच व्यवहारावरून सावकारीचा धंदा सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून त्याच गृहस्थांकडून पैसे घेतलेले आणखी दोन-तीन शेतकरी सोबत मिळतात का ते पाहा. काहीही झाले तरी साठेखताचे खरेदीखत होऊ देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

वकीलसाहेब, आपण एवढा वेळ दिलात याबद्दल घरातील सर्वांच्या वतीने आभार. पत्र आजच लिहायला घेतो. एकच अडचण आहे. कागदपत्रांचा अर्ज मामांच्या नावाने असावा असे दवाखान्यातून फोनवर सांगितले, परंतु त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये असून त्यांना सही करता येत नाही. अशा वेळी काय करावे?

प्रतिसाद (धुळे)

डाव्या हाताचा अंगठा घ्या आणि शेजारी मामांचे नाव लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मामेभावाला कागदपत्रे घेण्याचा अधिकार देत आहे, हे वाक्य त्याच अर्जात लिहा, म्हणजे मामांना पुन्हा जळगावला न्यावे लागणार नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.