एच१बी वरून लग्नाच्या ग्रीन कार्डावर: वकील लावू की नको?

मेथीची_भाजी: नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एच१बी वर (नोकरीचा व्हिसा) आहे. सहावं वर्ष चालू आहे, नोव्हेंबरात मुदत संपते. कंपनीने पर्म, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची पहिली पायरी, सुरूच केलं नाही (तो संताप वेगळा). होणारा नवरा अमेरिकन नागरिक, जन्म इथलाच, सध्या पीएचडी करतोय. आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र टाकायचं ठरतंय. वकील लागतोच का? ईएडी (कामाचा परवाना) आणि एपी (बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) यांचे अर्ज गाळले तर चालेल का? त्यांचे पैसे आता वेगळे पडतात. शिवाय मे महिन्यात साताऱ्याला जायचंय, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का सप्टेंबरपर्यंत चालतो. बजेट सगळं मिळून साडेतीन हजार डॉलर. लग्नाचा खर्च आम्हीच करतोय, तेव्हा त्याच्या वर जाणार नाही.

एडिसनचा_आबा: अभिनंदन! वकील लावाच. आमच्या सुनेच्या वेळी सहा हजार मोजले, पण एक कागद परत आला नाही.

चकलीसम्राट: आबा, तिने साडेतीन हजार लिहिलंय हो. मेथी, आम्ही घरीच भरलं सगळं. ४८५ चे १,४४०. १३० कागदावर टाकलं तर ६७५, ऑनलाइन ६२५. ऑनलाइन टाकून त्याची पावती ४८५ ला जोडायची, पन्नास वाचतात. ईएडीचे २६०, एपीचे ६३०. एप्रिल २०२४ च्या आधी हे दोन्ही ४८५ च्या फीमध्येच यायचे. आम्ही त्या काळातले.

रांगेतला_२०१४: नागरिकाशी लग्न म्हणजे रांगच नाही, मजा आहे बुवा. आम्ही ईबी-२ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग), प्रायॉरिटी डेट (रांगेत लागल्याची तारीख) २०१४. बायकोचा जन्म दुसऱ्या देशात झाला असता तर तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता आलं असतं. छत्तीस गुण जुळले, चार्जेबिलिटी (कोणत्या देशाची रांग) तेवढी बघायची राहिली.

डॅलसची_काकू: ४८५ पेंडिंग असताना एपी नसताना देश सोडला की अर्ज बाद! माझ्या मैत्रिणीच्या भाच्याचं झालंय. जाऊच नकोस गं बाई.

नियमवाला: काकू, भाचा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) होता का? एच आणि एल (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वाल्यांना यात अपवाद आहे. स्टेटस टिकलेलं हवं, एच१बी चा चालू शिक्का हवा आणि परत त्याच कंपनीत रुजू व्हायला हवं. मग एपी नसलं तरी ४८५ जिवंत राहतो.

डॅलसची_काकू: एफ-१ वरच होता. तरी पण रिस्क कशाला?

एडिसनचा_आबा: आणि ईएडी घेतलं की एच१बी संपतो हे कुणी सांगितलं नाही तिला.

नियमवाला: घेतल्याने नाही, ते दाखवून नोकरी केल्याने संपतो. कार्ड कपाटात ठेवून एच१बी वर काम करत राहता येतं. पण मेथी, तुझा खरा प्रश्न नोव्हेंबर आहे. सहा वर्षांपुढची वाढ पर्म किंवा आय-१४० (कंपनीने करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) च्या जोरावर मिळते, १३० वर नाही. ४८५ पेंडिंग असताना तू इथे राहू शकशील, पण पगार घ्यायला ईएडी लागेल. पैसे वाचवायचे तर एपी गाळ, ईएडी मुळीच गाळू नकोस. दुसरं, गेल्या सहा वर्षांत अमेरिकेबाहेर काढलेले दिवस एच१बी च्या मुदतीत परत मागता येतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जमव, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) च्या साइटवर प्रवासाचा इतिहास दिसतो. अर्ज मात्र कंपनीला करावा लागतो.

मेथीची_भाजी: हे दिवस परत मागायचं माहीतच नव्हतं. कोविडच्या वेळी बरेच महिने घरी अडकले होते. धन्यवाद!! आणखी एक: जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, नुसतं "मुलगी". आणि पीएचडीच्या स्टायपेंडवर ८६४ (नवऱ्याने द्यायची आर्थिक हमी) होईल का?

चकलीसम्राट: आमच्या दाखल्यावर पण नुसतं "पुत्र". नगरपालिकेत नाव चढवून घे. नाहीच जमलं तर तुझ्या जन्माची माहिती असलेल्या दोन नातेवाईकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला जोड. मराठी कागदांचं भाषांतर मैत्रिणीने केलं तरी चालतं. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं तिने सही करून लिहायचं. नोटरीवाल्याला पैसे देऊ नकोस.

सनीवेलकर: ८६४ मध्ये मिळकत दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागते. नवऱ्याची कमी पडली तर तुझाही पगार धरता येतो, फक्त ग्रीन कार्डानंतरही तो त्याच ठिकाणाहून येत राहणार असं दाखवावं लागतं. सही त्यालाच करायची आहे. सांग त्याला, घटस्फोट झाला तरी ८६४ मधून सुटका नाही. मी भोगतोय.

डॅलसची_काकू: शुभकार्याच्या धाग्यावर घटस्फोट कशाला काढता?

एडिसनचा_आबा: मेडिकल घाईने करू नका, इंटरव्ह्यूला न्या. आणि प्रत्येक फॉर्मला वेगळा चेक लिहा. आम्ही तसंच केलं.

नियमवाला: आबा, दोन्ही जुनं झालं. डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ (मेडिकलचा फॉर्म) ४८५ सोबतच द्यावा लागतो, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटापासून चेक घेणं बंद आहे. कार्डाने द्यायचे तर जी-१४५०, बँक खात्यातून द्यायचे तर जी-१६५०. मेडिकल कोणत्याही डॉक्टरकडे चालत नाही, सिव्हिल सर्जनच (इमिग्रेशन खात्याने नेमलेला डॉक्टर) हवा. दोन-तीन ठिकाणी दर विचार, फार फरक असतो.

पुणेरी_पगडी: नियमवालांना अनुमोदन. मेडिकल सोबतच द्या. चेक नको.

सनीवेलकर: लग्न आत्ताच टाउन हॉलमध्ये उरकून जानेवारीत फाइल कर. न्यू जर्सीत लायसन्सचा अर्ज दिल्यावर ७२ तास थांबावं लागतं, एवढंच. साताऱ्यात मेमध्ये अक्षता. तिकडे कुणाला कळायची गरज नाही.

चकलीसम्राट: +१. जानेवारीत टाकलंस तर ईएडीला हातात वेळ राहील.

पुणेरी_पगडी: +१. आणि मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (पुढच्या कार्डासाठीचा अर्ज) भरायचा, त्याची फी वेगळी. जॉइंट खातं, भाडेकरार, विमा आत्तापासून दोघांच्या नावावर करा. आम्ही इंटरव्ह्यूला अल्बम नेला होता, साहेबांनी उघडलासुद्धा नाही. तीन किलोचा होता.

मेथीची_भाजी: सगळ्यांचे आभार. ठरलं. वकील नाही, एपी नाही, ईएडी नक्की. पण टाउन हॉल पण नाही. आई म्हणते आधी सप्तपदी, मग सह्या, आणि लपवाछपवी मला जमणार नाही. मेमध्ये साताऱ्यात लग्न, तिथेच नोंदणी, परत येऊन जूनमध्ये फाइल.

सनीवेलकर: अगं, नोव्हेंबर?!

नियमवाला: उशीर करते आहेस, माझं मत नोंदवून ठेवतो. आणि मुलाचा पासपोर्ट अमेरिकन आहे. नोंदणीचं आधी विचारून ठेव. स्पेशल मॅरेज ॲक्टने करायला सांगितलं तर ३० दिवसांची नोटीस, आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. दोन आठवड्यांच्या रजेत ते बसणार नाही.

मेथीची_भाजी: मामांनी विचारलंय. वैदिक लग्नाची नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली करतो म्हणाले, मुलाचा अविवाहित असल्याचा कागद आणायला सांगितलाय. बाहेर काढलेले दिवस मोजले, ते धरले तर पुढच्या वसंतापर्यंत एच१बी पुरतो. एचआरला मेल गेला.

एडिसनचा_आबा: तरी वकील लावाच.

नवखा_ओपीटी: मी एफ-१ ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची कामाची मुभा) आहे, गर्लफ्रेंड ग्रीन कार्डवाली आहे. आम्हालाही हेच लागू का? बजेट दोन हजार.

नियमवाला: नाही. तिथे एफ२ए ची (ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांची) रांग आहे. वेगळा धागा काढा.

डॅलसची_काकू: आणि भारतात जाऊ नका!