आधी अक्षरं, मग फुगा
कॉमिक काढताना स्वतःची स्टाईल सापडेना तर मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, कॉपी कर आणि चित्रं काढायचा टॅब्लेट घे, असा सल्ला नवख्याला देतात, तो मला अर्धाच पटला. कॉपी करून हात सुटतो हे खरंच, पण टॅब्लेटवाचून काही अडत नाही बाप्पा, आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात लाईटचा भरवसा नाही, मी कागदावर जेल पेननं काढतो अन् मोबाईलनं फोटो मारतो. स्टाईल बघण्यातून येते. कापूस वेचणाऱ्या बाईची कमरेची ओटी भरत जाते तसा पाठीचा बाक बदलतो, ती एक रेघ जमली की चेहरा नाही काढला तरी चालतं.

अक्षरांबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक सगळी कॅपिटल अक्षरं, ओळी खेटून बसतात, आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या अन् खाली उकार, त्यामुळं तेवढ्याच फुग्यात, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायच्या गोलात, मराठी मावतच नाही. म्हणून आधी पेन्सिलनं संवाद लिहायचा, मग त्याच्याभोवती फुगा, अन् उरलेल्या जागेत माणसं. आणि वऱ्हाडी बोलणं प्रमाण भाषेत अजिबात बदलू नका, "कुठं चालला बे?" एका ओळीत बसतं अन् पात्र लगेच ओळखू येतं.