पिसानेलोचं मेडल: पदक, मुद्रा की आणखी काही?

इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या 'पोर्ट्रेट मेडल'वरचा एक लेख मराठीत करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. वस्तू अशी: तळहातावर मावेल एवढी धातूची जाड चकती, एका बाजूला माणसाचा एका अंगाने दिसणारा चेहरा, भोवती नाव नि किताब, मागे त्याला साजेसं एखादं चित्र. ही रीत रूढ केली पिसानेलो या चित्रकाराने. बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पालिओलोगस १४३८ मध्ये धर्मपरिषदेसाठी फेराराला आला, त्या निमित्ताने पिसानेलोने त्याचं मेडल केलं. पुढे उंच टोकदार टोपीतला सम्राट, मागे रस्त्याकडेच्या क्रुसापुढे घोडा थांबवलेला तोच सम्राट.

'पदक' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर धावण्याची शर्यत येते. 'नाणं' चालणार नाही, ते चलन नव्हतंच. शिवाय 'ब्रॉन्झ' पावलोपावली आहे. त्याला 'कांस्य' लिहिलं तर चालेल ना?

प्रतिसाद

शर्यत तर फार अलीकडची. आपल्याकडे पदक म्हणजे मुळात दागिना, माळेच्या मधोमध गळ्यावर रुळणारा. तुमची मेडलं सहसा हातात घेऊन बघायची, भेट द्यायची, पेटीत जपायची. इटलीतल्या रिमिनी शहराचा सत्ताधीश सिजिस्मोंदो मालातेस्ता तर ती आपल्या इमारतींच्या भिंतींत पुरून ठेवायचा, पुढच्या पिढ्यांना सापडावीत म्हणून! तेव्हा 'पदक' दोन्ही अर्थांनी लंगडं. मी 'चित्रमुद्रा' सुचवेन. भारदस्त आहे आणि चेहराही सुचवते.

प्रतिसाद

'चित्रमुद्रा' कानाला गोड आहे, पण मुद्रा म्हणजे उमटवलेला ठसा. नाणी पाडतात, मेडलं ओतत. या लेखात तो फरक पुसला गेला तर उरलं काय?

आधी मेणात चेहरा घडवायचा, बहुधा पाटीच्या दगडाच्या किंवा लाकडाच्या चकतीवर. मागची बाजू वेगळी. दोन्हींवरून साचा घ्यायचा, त्यात रस ओतायचा, निघालेल्या चकतीच्या कडा नि अक्षरं छिन्नीने साफ करायची. म्हणून ती इतकी मऊ उठावाची दिसतात. ठशावर हातोडा मारून असा खोल उठाव, तोही सुमारे १० सेंटिमीटर व्यासावर, त्या काळी निघाला नसता. मोठी मेडलं यंत्राने छापणं सोळाव्या शतकात स्क्रू-प्रेस आल्यावर जमू लागलं. सम्राटाच्या मेडलवर पिसानेलोची सही बघा: 'चित्रकार पिसानोची (म्हणजे पिसानेलोचीच) कृती', लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत. टांकसाळीतला कारागीर म्हणवून घ्यायचं नव्हतं त्याला.

कुणी 'मधूच्छिष्ट पद्धत' (मेणाच्या नमुन्याभोवती साचा करून धातू ओतण्याची रीत) लिहा असं सुचवण्याआधीच सांगतो, सरसकट लिहू नका. त्यात मेण वितळून जातं. इथे मेणाचं मूळ रूप पुष्कळदा शाबूत ठेवून त्यावरून पुन्हा साचे घेत.

माझं मत: 'ओतीव पदक'. पहिल्यांदा खुलासा करा, पुढे नुसतं 'मेडल' लिहा. मराठी वाचक मेडलला बुजत नाही.

प्रतिसाद

धातूबद्दल. 'कांस्य' म्हणजे तांबं नि कथील. पण ज्यांना सवयीने ब्रॉन्झ म्हणतात त्या मेडलांत जस्तही निघतं, शिसंही निघतं. काही तर चक्क पितळ आहेत. ओतशाळेत जे वितळवायला मिळालं ते मुशीत गेलं. म्हणून हल्ली संग्रहालयं जपून 'तांब्याचा मिश्रधातू' असं लिहितात. तुमच्या लेखकाने पृथक्करण दिलं नसेल तर तेच लिहा. रूक्ष आहे, पण खोटं नाही.

आणि शिसं गाळू नका! ते ३२७ अंशांना वितळतं, साच्यातली बारीक रेघ न् रेघ उचलतं, त्यामुळे आधी शिशाची प्रत काढून बघत. कित्येकदा सगळ्यात सुबक प्रत शिशाचीच असते. फक्त ती पटकन घासली जाते. सोन्याचांदीची मेडलं मुळात कमी, आणि पैशाची गरज पडली की तीच आधी वितळवली जात.

'आफ्टरकास्ट'लाही शब्द लागेल तुम्हाला. तयार मेडलवरून साचा घेऊन ओतलेली ती नक्कल. धातू निवताना आक्रसतो, म्हणून ती मूळपेक्षा किंचित लहान भरते आणि अक्षरंही बोथट होतात. संग्राहक कंपास घेऊन व्यास मोजतात तो यासाठीच. 'उतरओतीव' असले शब्द घडवू नका बुवा. 'मेडलवरून ओतलेली नक्कल' पुरे.

मूळ प्रश्नकर्ती

'ओतीव पदक' घेतलं. 'तांब्याचा मिश्रधातू' पण घेतलं, जरा नाखुशीने. आता दोन बाजूंना काय म्हणू? छापा-काटा?

प्रतिसाद

छापा-काटा नाणेफेकीला ठेवा. 'पुरोभाग' आणि 'पृष्ठभाग' हे शब्द आहेत, पण पृष्ठभाग म्हणजे कुठलाही वरचा थर असाही अर्थ होतो. 'दर्शनी बाजू' आणि 'मागची बाजू' बरं.

मात्र लेखात शिल्पकार बेर्तोल्दोचं १४७८ चं मेडल असेल तर तेही कोलमडेल. पाझ्झी घराण्याच्या कटात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यातला जुलियानो मारला गेला, भाऊ लोरेन्झो वाचला. त्या मेडलच्या एका बाजूला लोरेन्झोचा चेहरा, दुसऱ्या बाजूला जुलियानोचा, आणि दोन्हीकडे चेहऱ्याखाली हल्ल्याचा प्रसंग. तिथे सरळ 'लोरेन्झोची बाजू' आणि 'जुलियानोची बाजू' लिहा.