मोटरसायकलला कडक पेट्या की मऊ बॅगा? लांबच्या प्रवासातले तुमचे अनुभव लिहा

रानवाट:
काल माळा आवरायला घेतला आणि गोणपाटाखाली जुन्या गाडीची डावी पेटी सापडली. ॲल्युमिनियमची, ३७ लिटरची. खालचा पुढचा कोपरा आत गेलेला, झाकण एका बाजूने बोटभर वर. आतून बोट फिरवलं तर काळं झालं, तेव्हा व्हायचं अगदी तसंच. त्या प्रवासात माझे सगळे मोजे राखाडी झाले होते. ॲल्युमिनियमवर कपडा घासत राहिला की काळी पूड सुटते हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

तो कोपरा कसा गेला ते लख्ख आठवतं. उतारावर बारीक खडी, पुढचं चाक सटकलं, गाडी डावीकडे आडवी आणि तिच्याबरोबर मी. पण गाडी पुरती जमिनीला टेकलीच नाही. पुढे इंजिनचा गार्ड आणि मागे ही पेटी, या दोघांवर ती अडकून राहिली आणि माझा पाय मधल्या पोकळीत. पाय ओढून काढला, उभी राहिले, आणि मग हात थरथरायला लागले. नंतर दगडाने ठोकून कोपरा जमेल तितका बाहेर काढला आणि पुढचे नऊ दिवस झाकण पट्ट्याने आवळून गाडी चालवली.

आता गाडी वेगळी आहे, हलकी. मागे लेक बसणार आहे, सतरा वर्षांची. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. मनाने मी पेटीच्या बाजूची, कारण माझा पाय वाचला. पण एका पडण्यावरून ठरवू नये असंही वाटतंय. चांगलं कुठलं ते नका सांगू, तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा.

पाना नंबर दहा:
माझा पाय पेटीनेच मोडला, म्हणून लिहितोच. नदीकाठची वाळू होती, वेग चालण्याइतका. गाडी डुलायला लागली तसा मी दोन्ही पाय खाली सोडले आणि टेकत टेकत निघालो. उजवा पाय वाळूत रुतला. गाडी पुढे गेली, पाय तिथेच राहिला, आणि मागून पेटी पोटरीवर आली. पाय पेटीखाली ओढला गेला. नडगीची दोन्ही हाडं. आवाज मी ऐकला, हेल्मेटमधूनसुद्धा.

तेव्हापासून मऊ बॅगा. परवा परवा एकदा तसाच पाय मागे राहिला होता. बॅग दबली, पाय निसटला, घोट्याला खरचटलं एवढंच.

डांबरी रस्ताच असेल तर हे मनावर घेऊ नका. पण वाळू, चिखल, ओढे असतील तर पाय फूटपेगवरच (पाय ठेवायच्या दांडीवरच) ठेवायचे, पेटी असो की बॅग.

सायली_क:
अरे देवा. आता पाय कसा आहे दादा?

पाना नंबर दहा:
बरा आहे ताई. थंडीत ठणकतो. किक मारायची गाडी मात्र विकून टाकली.

ओलाचिंब:
माझ्या मऊ बॅगेला रेनकव्हर होतं, ते भर पावसात उडालं. कधी, कुठे, कळलं नाही. मुक्कामाला पोचून बॅग उघडली तर गाडीच्या कागदांचा लगदा. एकेक पान सोडवून उशीवर वाळत घातलं रात्रभर.

नंतर रोल करून बंद होणारी ड्राय बॅग घेतली. तोंड निदान तीन वेळा गुंडाळायचं, दोन वेळा नाही. बॅग काठोकाठ भरली की तिसरी घडी बसत नाही आणि पाणी तिथूनच आत येतं, म्हणून वर वीतभर जागा सोडायची. आतली बॅग फिकट रंगाची घ्या. काळ्या बॅगेत काळा चार्जर शोधताना जीव जातो.

आणि हो, झिपवाल्या बॅगा धुळीच्या रस्त्याला नकोच. चार दिवसांत चेन दात खाते.

मागच्या सीटवरून:
चालवणारे बरेच लिहितील, मी मागे बसणारी लिहिते. चौदा वर्षं बसतेय.

मला टॉपबॉक्स, म्हणजे सीटच्या मागचा डबा, हवाच. पाठीला टेकू मिळतो, चढावर मागे सरकल्याची भीती वाटत नाही. पण त्यातच आमची एकदा पंचाईत झाली. ह्यांनी पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, स्टोव्ह सगळं मागच्या डब्यात कोंबलं, कारण उघडायला सोपं. हायवेला लागलो आणि शंभरच्या आसपास हँडल हलायला लागलं. आधी जरासं, मग इतकं की ह्यांचे दोन्ही खांदे हलताना मला दिसत होते. ह्यांना वाटलं चाकाचं बॅलन्सिंग गेलं. हळूहळू वेग कमी करून कडेला थांबलो.

डबा उघडला तर झाकणाच्या आतच स्टिकर: १० किलोपर्यंत, वेग १२० च्या वर नाही. आम्ही वाचलंच नव्हतं. आमच्या डब्यात सहज दुप्पट होतं. सगळं जड सामान काढून बाजूच्या बॅगांत तळाशी घातलं, पुढच्या बाजूला. वर फक्त जॅकेट आणि चादरी. पुन्हा हायवे, पुन्हा शंभर, हँडल गप्प.

गॅरेजमधल्या काकांनी नंतर समजावलं. डबा मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असतो. तिथे वजन पडलं की गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं. त्यात उंच डब्याला वारा अडतो. तेव्हा रानवाट, लेक मागे बसणार असेल तर डबा घे, पण त्यात हलकंच भर. तिच्या पायांचंही बघ. काही पेट्या इतक्या पुढे येतात की मागच्याची पोटरी दिवसभर त्यांना घासते. मला निळे डाग पडले होते.

रानवाट:
पोटरीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला बसवूनच बघते. मनापासून आभार.

सायली_क:
चौदा वर्षं मागे! मला दोन तासांत कंबर धरते. काही व्यायाम करता का?

मागच्या सीटवरून:
दर तासाला उतरायचं, बस. आणि चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की दोनदा पाठीवर टॅप म्हणजे थांब. आमच्याकडे तीनदा म्हणजे फोटो.

घाटमाथा:
सायलेन्सरकडची बाजू जपा!! नवी बॅग, पहिलाच दिवस. रिकामी असताना अंतर ठीक वाटलं. भरल्यावर बॅग खाली आली, खड्ड्यात अजून खाली. वास यायला लागला तो पुढच्या ट्रकचा वाटला. थांबलो तेव्हा तळाला ताटलीएवढं भोक आणि रेनसूटची पँट वितळून बॅगेला चिकटलेली. आता हीटशील्ड (सायलेन्सरची उष्णता अडवणारा पत्रा) आणि खाली आधाराला पातळ रॅक, दोन्ही असल्याशिवाय मऊ बॅग लावत नाही. सामान भरून, गाडीवर बसून, सस्पेन्शन दाबून मगच अंतर बघायचं.

एकटाच बरा:
पट्टे. मोकळी टोकं. माझा एक पट्टा सुटून चेनमध्ये गेला होता, मागचं चाक जाम, गाडी फरफटत उभी राहिली. मागे कुणी नव्हतं म्हणून आज हे टाइप करतोय. टोकं गुंडाळून टेप लावा. दर थांब्याला हात फिरवा.

ओलाचिंब:
@एकटाच बरा बाप रे. सांभाळून रहा.

निळी टाकी:
पेट्यांच्या वजनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी घरच्या काट्यावर तोलल्या होत्या: दोन पेट्या, रॅक, कड्या मिळून १७ किलो, रिकाम्या! मऊ बॅगांची जोडी पाच किलोही भरली नाही. ते बारा किलो दिवसभर गाडीच्या मागच्या हाडांवर आदळत असतात.

माझी सबफ्रेम, म्हणजे सीट आणि रॅक पेलणारा मागचा सांगाडा, तशीच गेली. खराब रस्त्याचा पाचवा दिवस. उजवी पेटी जरा जास्त हलतेय वाटलं. हाताने धरून हलवली तर पेटीबरोबर सीटही हलली. रॅक जिथे बोल्टने बसतो त्याच्या बोटभर पुढे पाइपला केसासारखी चीर. धूळ त्या रेषेत जाऊन बसली होती म्हणून दिसली, नाहीतर दिसलीही नसती.

सबफ्रेम लोखंडी होती हे नशीब. ट्रॅक्टरचे नांगर जोडणारा एक म्हातारा माणूस भेटला. त्यानेच पहिलं विचारलं, बॅटरीच्या वायरी काढल्या का? नाही काढल्या तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. वायरी काढल्या, त्याने रंग घासला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग वेल्ड, मग वरून पट्टी. हे सगळं करताना एक शब्द बोलला नाही. त्या जोडावर मी अजून चालवतोय. ॲल्युमिनियमची सबफ्रेम असती तर ते काम तिथे झालं नसतं.

तेव्हापासून रोज सकाळी रॅकचे बोल्ट बघतो. त्यांना निळं थ्रेडलॉक लावलंय, बोल्ट ढिले होऊ न देणारा डिंक.

पाना नंबर दहा:
भोकं पाडणारा माणूस जाणकार होता. बरेच जण नुसतं वरून वेल्ड ओढतात.

निळी टाकी:
हो ना. निघताना नमस्कार केला त्याला.

दिवसपाळी:
सगळे मऊच्या बाजूने चाललेत म्हणून पेटीची बाजू मांडतो. मी एकटा फिरतो. गाडी उभी करून किल्ला चढायचा, तीन तास गाडी नजरेआड. मऊ बॅगा होत्या तेव्हा वर जाऊनही डोकं खालीच. एकदा आलो तर बॅगेचं बकल उघडं आणि आतून माझी जुनी डायरी गेलेली. पैसे नव्हते तिच्यात, चार वर्षांच्या प्रवासाच्या नोंदी होत्या. घेणाऱ्याच्या त्या काही कामाच्या नव्हत्या. ते आजही लागतं मनाला.

आता पेटी, कुलूप, किल्ली खिशात. कुलूप चाकूने कापता येत नाही एवढं तरी आहे. मुक्कामाला पोचलो की खटका दाबून पेटी हातात. मऊ बॅगांचे आठ पट्टे रात्री पावसात सोडवून बघा म्हणजे कळेल. शिवाय पेटीवर बसता येतं.

एकच: पेट्या लावल्यावर पहिले दोन दिवस गाडीची रुंदी डोक्यात बसत नाही. हँडल फटीतून गेलं म्हणजे गाडीही गेली असं वाटतं आणि मागे पेटी खांबाला लागते.

ओलाचिंब:
डायरीचं वाचून वाईट वाटलं रे.

पुस्तकी किडा:
थोडं विषयांतर. एल्स्पेथ बेअर्ड या बाईंचा प्रवास माहीत आहे का? १९८२ मध्ये लंडनहून बीएमडब्ल्यू आर६०/६ घेऊन एकट्या निघाल्या, तेव्हा आर्किटेक्चर शिकत होत्या. सिडनीत काही महिने काम करून पैसे साठवले आणि तिथेच ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून, रिव्हेट मारून स्वतःच्या हाताने कुलपाच्या पेट्या बनवल्या. १९८४ मध्ये जगाला वळसा घालून परत. सुमारे ५६ हजार किलोमीटर. एकट्या बाईने कुलपाची पेटी का निवडली असेल ते मला दिवसपाळींचं वाचून जास्त कळलं.

रानवाट:
हे लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते आपणही पत्रा आणू!

घाटमाथा:
आमच्या जुन्या टॉपबॉक्समध्ये आता मांजर झोपते. झाकण काढून दिलंय तिला. फोटो टाकतो संध्याकाळी.

सायली_क:
टाकाच!

एकटाच बरा:
अजून एक राहिलं. काहीही लावा, पण पूर्ण भरून एक दिवस जवळपास चालवून बघा. माझ्या गाडीचा दिवा भरल्यावर वर झाडांत जात होता, समोरचे सगळे डिपर मारत होते आणि मला कळेना का. मागचं सस्पेन्शन खाली बसलं होतं. प्रीलोड वाढवला, म्हणजे मागची स्प्रिंग जास्त आवळली, टायरमध्ये हवा गाडीच्या पुस्तिकेतल्या दोन माणसं आणि सामानाच्या आकड्याप्रमाणे भरली, मग दिवा रस्त्यावर आला. ब्रेकही मला उशिरा लागल्यासारखे वाटत होते, त्याची सवय आधी करून घेतलेली बरी. पुस्तिकेत एकूण किती वजन चालतं तेही बघा. दोन माणसांनंतर सामानाला वाटतं तेवढं उरत नाही.

रानवाट:
आज रविवार होता म्हणून लगेच केलं. पुस्तिकेतून दोघींचं वजन वजा केलं तर खरंच थोडंच उरलं. मग पेट्या आणि रॅकचे सतरा किलो त्यातून काढायचे हे जिवावर आलं. मैत्रिणीच्या बॅगा आणून लावल्या. बॅगांत उश्या भरून लेकीला मागे बसवलं. डावीकडे तिची टाच बॅगेला लागत होती, बॅग दोन बोटं मागे घेतली. सायलेन्सरकडे अजून पत्रा लावायचाय.

तर बाजूला मऊ, रोल होणाऱ्या, खाली रॅकचा आधार. मागे छोटा कडक डबा, तिच्या पाठीला, आत फक्त जॅकेट आणि कागद. खडीवर उतरताना मला डावीकडची ती पेटी आठवणार आहे, पण गार्ड चांगला लावून घेते आणि बूट घोट्याच्या वरपर्यंतचे.

दिवसपाळी:
छान. माळ्यावरच्या पेटीचं काय केलंत?

रानवाट:
पुसली आणि गाडीची हत्यारं भरून ठेवली. झाकण अजून बसत नाहीच. लेक रबरी हातोडी घेऊन कोपऱ्याशी बसलीय, आतून ठोकतेय.