मदत हवी आहे: ‘प्ले इट बाय इअर’ला मराठीत काय म्हणाल?

एका छोट्या इंग्रजी नाटकाचं भाषांतर करतोय. त्यात कानाचे वाक्प्रचार पेरलेले आहेत. बहुतेक सुटले. ‘वॉल्स हॅव इअर्स’ला भिंतींनाही कान असतात, ‘इअर टू द ग्राउंड’ला कानोसा घेणं, ‘टर्न अ डेफ इअर’ला कानाडोळा (मूळ शब्द ‘काणाडोळा’, त्यात कान नाही; पण ऐकायला कानच येतो!). ‘वेट बिहाइंड द इअर्स’मधला कान गेला, पण ‘ओठावरचं दूध सुकलं नाही’ चपखल बसलं.

अडलंय ते ‘वुई विल प्ले इट बाय इअर’पाशी. मूळ अर्थ नोटेशन न बघता, नुसत्या कानावर भिस्त ठेवून वाजवणं. त्यावरून, आधी न ठरवता प्रसंग बघून वागणं. बोलणारा लिव्हरपूलच्या पबमधला म्हातारा पियानोवादक आहे आणि विषय मुलीच्या लग्नाचा, त्यामुळे दोन्ही अर्थ हवेत.

‘वेळ येईल तसं बघू’ केलं, तर संगीत जातं. ‘सूर लागेल तसं बघू’ वाचायला बरं वाटलं, पण मोठ्याने म्हटल्यावर ‘मूड लागला तर करू’ असं ऐकू येतं. ‘उत्स्फूर्तपणे’ तर पबमध्ये शोभणारच नाही.

प्रयोग रंगमंचावर आहे, म्हणजे तळटीप नाही. वाक्य पाच-सहा शब्दांचं हवं. पात्र इंग्रजच राहणार, तेव्हा पेटी-तबला, सम, ठेका नको. पुढच्याच वाक्यात मुलगी ‘तुम्हाला कुठे ऐकू येतंय!’ म्हणते, म्हणून कान किंवा ऐकणं राहिलं तर उत्तमच.

वाजवणं आणि आयत्या वेळी ठरवणं, दोन्ही एका दमात सांगणारं बोलीतलं वाक्य सुचतंय का कुणाला?