क्विनाइनच्या कोर्सनंतर बाबांच्या कानात आवाज, मदत हवी आहे

बाबा ६४ वर्षांचे, डायबेटिस आहे. गडचिरोलीहून आल्यावर फाल्सिपेरम मलेरिया निघाला, आधी एसीटी (आर्टेमिसिनिनवर आधारित मलेरियाची एकत्रित औषधं) दिलं पण ताप परत आला म्हणून क्विनाइन ६०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, सोबत डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक). तिसऱ्या दिवसापासून कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज, टीव्ही पार मोठा करून ऐकतात. डॉक्टर म्हणाले हा सिंकोनिझम, सिंकोनाच्या सालीतल्या या औषधाने होतोच, कोर्स पुरा करा. केला. मध्ये एका पहाटे घामाने बनियन चिंब, हात थरथरत होते, शुगर ५८! क्विनाइनने इन्सुलिन वाढतं हे तेव्हा कळलं, शुगरची गोळी डॉक्टरांना विचारून कमी केली, आता ठीक आहे.

ईसीजी नॉर्मल, नजर नॉर्मल, कानात मळ नाही, आधी ऐकू नीट यायचं, कानाला त्रास देणारं दुसरं औषध चालू नाही. स्मिअर (मलेरियाची रक्ततपासणी) निगेटिव्ह. शेवटची गोळी घेऊन सहा दिवस झाले, आवाज थोडा कमी झालाय पण आहेच, रात्री झोप लागत नाही. ईएनटीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय.

ज्यांनी हे अनुभवलंय किंवा जे डॉक्टर आहेत त्यांनी प्लीज सांगा, औषध थांबवल्यावर ऐकू येणं पूर्ववत व्हायला किती दिवस लागले, आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) पुढच्या आठवड्यापर्यंत थांबली तर चालेल की उद्याच करून घेऊ?